मराठी किल्ला, कन्नड कोटे

आमच्या सीमाभागातल्या कंग्राळीच्या घरात ब्रॉडबँडचा मोडेम आला तेव्हा त्याची जागा आप्पांनी ठरवली. खालच्या सोप्यात, टीव्हीशेजारी, त्यांच्या सत्काराच्या फोटोखाली. माझी खोली माडीवर. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. मधला स्लॅब असा जाड, की मोडेमचं वायफाय जिन्याच्या वळणापर्यंत यायचं आणि तिथून माघारी फिरायचं. म्हणून मी त्या वळणावरच लॅपटॉप मांडीवर घेऊन मीटिंगा करायचे, आणि माझ्या साहेबांना माझ्यामागून धुण्याची बादली घेऊन गच्चीवर जाणारी आई दिसायची. साहेबांनी एकदा विचारलं, "तुम्ही कायम प्रवासात असता का?" त्या दिवशी मी राउटर मागवला.

काम सोपं होतं. मोडेममधून एक केबल काढायची, जिन्यानं वर न्यायची, राउटरला जोडायची. पण आप्पा घरात होते.

आप्पा म्हणजे माझे वडील, मराठी शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक आणि सीमाचळवळीतले जुने कार्यकर्ते. एका मोर्चानंतर ते रात्रभर पोलीस ठाण्यात बसले होते. त्या रात्रीबद्दल आम्ही इतक्या वेळा ऐकलंय, की तिथले डाससुद्धा आमच्या ओळखीचे झालेत.

"वायरीचं काम हाय, तू लांब थांब," म्हणत त्यांनी खोकं माझ्या हातातून काढून घेतलं. आतलं माहितीपत्रक उलटसुलट करून पाहिलं. त्यात अरबीपासून पोलिशपर्यंत भाषा होत्या, मराठी नव्हती. त्यांनी ते खुर्चीवर ठेवलं आणि त्यावर बसले.

राउटरच्या पाठीमागे चार भोकं पिवळी होती आणि एक निळं. आप्पांनी माडीवर नेलेली केबल पिवळ्यात घातली.

"आप्पा, मोडेमकडनं येणारी वायर निळ्यात जाते."

"सगळी भोकं सारखीच असत्यात. रंग विकायसाठी देत्यात."

दिवे लागले. माझ्या फोनवर राउटरचं नाव आलं, फोन जोडलाही गेला, पण इंटरनेट नाही. आणि खाली आईचा नेटवर चालणारा टीव्हीही बंद पडला. आप्पा जरा वेळ राउटरकडे नापास मुलाकडे बघावं तसं बघत राहिले. मग पाणी प्यायला उठले, तेवढ्यात मी केबल निळ्यात घातली. तरीही काही येईना. मी म्हटलं, आता दोन्ही बंद करून चालू करूया. त्यावर आप्पा घाईनं खाली उतरून मोडेमच्या बटणासमोर आडवे उभे राहिले. "बंद केलास तर लाइन जाईल. कंपनीला फोन लाव."

फोन लावला. यंत्रातली बाई बोलू लागली. कन्नडसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन, हिंदीसाठी तीन. आप्पा वाट बघत राहिले. बाईनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"मराठी कुटं हाय?" आप्पा यंत्राला म्हणाले. "आमी हितं पिढ्यान्‌पिढ्या ऱ्हातोय. मराठी कुटं हाय?"

बाईनं शांतपणे पुन्हा कन्नडसाठी एक दाबायला सांगितलं. आप्पांनी फोन ठेवला आणि निषेध म्हणून दुसऱ्यांदा लावला.

"अवो, दाबा की ते एक," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "माजी मालिका सुरू व्हायला आली."

"तत्त्वाचा प्रश्न हाय."

आईनं हात पदराला पुसले, फोन घेतला, एक दाबला आणि बाजारात मेथी घेताना बोलते त्या कन्नडमध्ये पलीकडच्या पोरीला सांगितलं, "नेट बरवल्दु री." नेट येत न्हाय.

आप्पांच्या कपाळावर आठी पडली. "'बरवल्दु' काय? 'बरुत्तिल्ल' म्हन. कंपनीत बोलताना शुद्ध बोलावं."

आणि मग आई बोलत गेली आणि आप्पा शेजारी उभं राहून तिची कन्नड सुधारत गेले. क्रियापदं, विभक्ती, सगळं. शेवटी पलीकडची पोरगी म्हणाली, मागे जे सर बोलतायत त्यांनाच द्या ना. आप्पा एकदम मागं सरकले, जणू कुणी त्यांचं नावच पुकारलं पोलीस ठाण्यात. पोरीनं सांगितलं ते एवढंच, की दोन्ही बंद करा, आधी मोडेम चालू करा, मग राउटर. दोन्ही चालू झाले आणि माडीवर इंटरनेट आलं.

"बघ," आप्पा म्हणाले, "म्या म्हटलंतं, फोन लाव."

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मी राउटरला पासवर्ड देत होते तेव्हा आप्पांना कळलं, की वायफायला नाव देता येतं आणि ते शेजाऱ्यांनाही दिसतं. त्यांचे डोळे चमकले.

त्यांनी सांगितलं म्हणून मी राउटरला आणि खालच्या मोडेमलाही देवनागरीत एकच नाव दिलं, "मराठी घर".

शेजारी सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले एक कन्नड साहेब राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर कन्नड लिपीत नवं नाव उमटलं होतं, "कन्नड मने". म्हणजे कन्नड घर. आप्पांनी चहा अर्धा टाकला आणि मला वर हाक मारली. आमचं "मराठी वाडा" झालं. दुपारपर्यंत त्यांचं "कन्नड अरमने" झालं, म्हणजे राजवाडा. आम्ही "मराठी किल्ला" बांधला. त्यांनी "कन्नड कोटे" उभा केला, म्हणजे किल्लाच. दोन्ही घरांचे स्लॅब पावसाळ्यात गळतात, पण तटबंदी भक्कम होती. दोघांचीही नातवंडं बेंगळुरात इंग्रजी शाळेत जातात आणि दोघांनाही 'ग्रँडपा' म्हणतात.

प्रत्येक नव्या नावाबरोबर घरातलं सगळं तुटायचं. फोन, लॅपटॉप, टीव्ही, सगळं पुन्हा जोडायचं काम माझं. टीव्हीला देवनागरी वाचता येत नव्हती, तिथं नुसते चौकोन दिसायचे. एकदा मी पुण्याच्या साहेबांना महिन्याचा अहवाल दाखवत होते आणि नाव बदलायला एव्हाना शिकलेल्या आप्पांनी खालून त्यांच्या फोनवरून ते परस्पर बदललं. मी पडद्यावरून नाहीशी झाले. खाली धावत आले तर आप्पा समाधानानं खुर्चीत.

"नेट कुठं गेलं?" मी ओरडले.

"चालूच हाय की," आई पोळी लाटत म्हणाली. ओट्यावर डब्याला टेकवून ठेवलेल्या तिच्या फोनवर मालिका निवांत चालली होती.

आप्पा उठून गेले, तिचा फोन हातात घेतला आणि वरची वायफायची खूण दाबून नाव बघितलं. फोन "कन्नड कोटे"ला जोडलेला होता.

"तू तिकडं गेलीस?"

"मी कुटं गेले? तेच आलं हितं. ओट्यापाशी त्यांचंच चांगलं येतंय. अक्कानं पासवर्ड दिलाय." अक्का म्हणजे शेजारच्या साहेबांची बायको. "आनि आपला म्या तिला दिलाय. त्यांच्या गच्चीवर आपलं येतंय. तुमी दोगं नावं बदलतासा, आमी बघायचं थांबावं व्हय?"

आप्पांनी फोन जागेवर ठेवला, तोही मालिका बंद न करता.

त्या संध्याकाळी मी राउटरचं आणि मोडेमचं नाव बदलून राउटरच्या खोक्यावर छापलेलं मूळचं ठेवलं, नुसती अक्षरं आणि आकडे, ज्यावर कुणाचंच प्रेम बसणार नाही. ज्या पासवर्डनं हे सगळं बदलता येतं तोही बदलला आणि कुणाला सांगितला नाही.

दोनतीन दिवसांनी आप्पा परड्यात झाडांना पाणी घालत होते. भिंतीपलीकडून शेजारच्या साहेबांनी मान वर काढली आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "काय सर, किल्ला दिसत नाही? पडला का?"

आप्पांनी पाइप खाली टाकला आणि शुद्ध कन्नडमध्ये उत्तर दिलं, की दुरुस्ती चालू आहे. मग घरात आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"तो पासवर्ड काय हाय गं?"

"इसरले, आप्पा."

आप्पांनी आईला चहा टाकायला सांगितला आणि पेपर उघडला.