फडकं कोंबलेली घंटा

माझ्या धाकट्या जावेच्या बहिणीचा मुलगा सांगलीचा चित्रकार. आवाजाला इतका भ्यायलेला माणूस मी सबंध आयुष्यात पाहिला नाही. लोक वाघाला भितात, पुराला भितात. हा भाकरी थापण्याच्या आवाजाला भ्यायचा.

टीव्ही खेड्यापाड्यांत शिरला त्या सुमाराची गोष्ट. शहरात चित्र सुचत नाही, शांतता पाहिजे, म्हणून जावेनं त्याला माझ्याकडं पाठवलं. कोयनानगरच्या वर डोंगरात आमची चार घरांची वाडी. एस.टी. खाली सोडते, पुढं चढण. धापा टाकत वर आला आणि म्हणाला, "मावशी, इथं काहीच नाही! मला हेच हवं होतं."

"काय न्हाई कसं?" मी म्हणाले. "मी हाय की."

दुसऱ्या दिवशी त्याला कळलं, की इथं पुष्कळ काही आहे. कोंबडा डालग्याखाली झाकायला लावला, तर तो डालग्याखालून दुप्पट आरवला. भाकरी हळू थापा म्हणाला. भाकरी काय तान्हं बाळ आहे, हळू थापायला? मी रागानं भाकरी बंद करून नुसता भात वाढला, तेव्हा दोन दिवसांत स्वतःच पीठ घेऊन समोर बसला. आमच्याकडं जमीन अधूनमधून हलते, त्याचं कुणाला काही वाटत नाही. एकदा असाच धक्का बसला नि फळीवरची भांडी थडथडली, तर हा खोलीतून ओरडला, "मावशी, भांडी!" भूकंपसुद्धा मीच करते, असं त्याला वाटत असावं. आणि एवढं सगळं गप्प करून कागदावर काय? काही नाही. मांडी घालून कोऱ्या कागदाकडं बघत बसायचा. अशा कामाला शांतता कशाला लागते, ते मला कळत नसे.

पण खरा राग पुढंच आहे. माझी चांदी म्हैस गाभण होती, दिवस भरत आले होते. लेक पलटणीत, नवरा गेलेला. माझं घर त्या म्हशीच्या दुधावर चालायचं. आमच्याकडं रानात सोडलेलं जनावर डोळ्यांनी नाही, कानानं राखायचं असतं. झाडीत दिसत काहीच नाही. गळ्यातली घंटा वाजतेय तोवर आपण आपलं काम करायचं. आणि या शहाण्यानं, मी पाण्याला गेले असताना, रंग पुसायचं फडकं त्या घंटेत कोंबलं!

दुपारी भांडी घासताना माझा हात थांबला. कानाला घंटा लागेना. बाहेर आले तर म्हैस नाही, आणि हा ओट्यावर. म्हणतो कसा, "आज किती छान वाटतंय ना?"

"घंटा का वाजंना रं?"

त्यानं सांगितलं. मी काय काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही. रानातल्या घळीत बिबट्याचा वावर होता, आदल्याच आठवड्यात खालच्या घरची शेळी गेली होती. हे ऐकल्यावर त्याचा चेहरा त्याच्या कागदासारखा झाला. चपला न घालताच रानात पळाला. करवंदीच्या जाळ्यांतून रक्ताळत, आवाजाला भिणारा तो माणूस डोंगर दुमदुमेपर्यंत ओरडत होता, "अहो चांदी! चांदी, या ना!"

"म्हशीला अवं-जावं करतुयास व्हय? हाळी घाल नीट!" मी मागून खेकसले.

उन्हं कलेपर्यंत त्याचा घसा बसला. मी शिव्या देतच होते. एकाएकी तो थांबला आणि माझ्या तोंडापुढं हात धरला. मी तो हात फटकारणार होते, पण त्याचे डोळे पाहिले नि थांबले. मला काहीच ऐकू येत नव्हतं. त्याला आलं होतं. कारवीच्या झुडपांकडं बोट करून तो धावला. तिथं चांदी आडवी पडून कण्हत होती, आणि रेडकाचे खूर बाहेर आले होते. आम्ही दोघांनी ओढून रेडी सोडवली. तिच्याजवळ बसून तो हमसून रडला. मी म्हणाले, "रडतूस काय? म्हशीची वार पडंस्तवर बस हितंच." बसला.

पुढच्या वर्षी त्यानं मला सांगलीला बोलावलं, चित्रं बघायला. भिंतभर एक चित्र होतं. नुसता काळपट हिरवा रंग, ना झाड, ना जनावर. मी बघितलं आणि माझा कान आपोआप घंटा शोधायला लागला, त्या दुपारसारखा. शेजारी एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "किती शांत वाटतं ना?"

मला राहवलं नाही. "शांत? अवं बाई, म्हैस हरवलीया हितं!"

दोघं दचकून माझ्याकडं बघायला लागली. आमचा चित्रकार मात्र हसला नाही. माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "मावशी, तुम्हालाच दिसलं."

चांदीनं पुढंही वेतं दिली, त्या रेडीची म्हैस झाली. तो मात्र पुन्हा वाडीवर आला नाही. मोठ्या शहरात गेला म्हणतात. यायला पाहिजे होता. मी अजून त्याला नीटशी रागावलेलीच नाही.