आत्यानं तोंड उघडलं तेव्हा

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढंही नाही — तिथं नुसते हात जोडते आणि घाईनं निघते. आज देवनागरीत लिहिते आहे. आमच्या तंजावरच्या घरात माझ्यामागं ही अक्षरं वाचणारं कोणी नाही. म्हणून धीर झाला का? असेलही.

आधी आत्याबद्दल सांगायला हवं. माझ्या वडिलांची थोरली बहीण. ऐन तरुणपणी विधवा होऊन पापनाशमला आमच्याकडे आली. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. दाताच्या डॉक्टरांकडे मदतनीस म्हणून शिकायचं मी काढलं, तेव्हा वडील कडाडले, "परक्यांच्या थुंकीत हात घालणार? आणि तोच हात घरच्या सांबाराला?" आत्या, सोवळ्यातली, डोईवर पदर, चुलीपुढूनच म्हणाली, "रघू, तुझा शेंबूड नि तुझं उष्टं मीच काढलं. मी बाटले का रे?" आठवड्यानं वडिलांनीच मला बसमध्ये बसवून दिलं. मी तंजावरला आले.

काम मला आवडलं. चिमटे उकळायचे, दात भरायला चांदीची भुकटी पाऱ्यात घोटायची, डॉक्टर पायानं दात कोरायचं यंत्र चालवत तेव्हा दिवा धरायचा. रविवारी बसनं खेड्यात जायचं, प्लास्टरचा जबडा उघडून बायांना दाखवायचा — विटेच्या भुकटीनं दात घासू नका, गालात तंबाखू ठेवू नका. डॉक्टरांनी एक गोष्ट घोकून घेतली होती: गालात पांढरा डाग दिसला तर कापसानं पुसून बघायचा. गेला नाही, तर त्या बाईला त्याच दिवशी त्यांच्याकडे आणायचं.

मी ते सगळं रंगवून सांगायची. बाया हसायच्या. वर एक वाक्य मी आपणहून जोडायची — "आमच्या मराठी घरांत असलं नसतं हो." कोणी विचारलं होतं मला?

आत्याच्या गालात तंबाखू असायची. विधवेला विडा नाही; ओठ रंगतात, जगाला दिसतं. कोरड्या तंबाखूनं ओठ रंगत नाहीत. कधीकाळी दाढ ठणकली म्हणून सुरू झालेलं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं.

ती गेली तेव्हा वडील रडत म्हणाले, "अक्कानं कोणाला सांगितलंच नाही." मी मान हलवली. अजूनही कोणी तसं म्हटलं की मी मान हलवते. पण —

पण तिनं सांगितलं होतं. मला.

एका सकाळी एकटी बसनं आली. दवाखान्याच्या बाकावर बसली होती, मांडीवर माझ्यासाठी कडबोळ्यांची पुरचुंडी. तिला पाहून मला काय वाटलं? आनंद नाही. बाकावर आणखी कोण कोण बसलंय ते मी आधी पाहिलं. मग हाताला धरून तिला मागच्या अंगणात नेलं.

"बघ ग, इथं जळतं. तिखट सोसत नाही. तुझ्या डॉक्टरांना दाखव की जरा."

तिनं उन्हाकडे तोंड करून आ केला. डाव्या गालात पांढरा डाग होता, कडेला घट्ट. मी कापसानं पुसला. दाबून पुन्हा पुसला. गेला नाही.

"ओण्णुम् इल्लै," मी म्हणाले. काही नाही. आम्ही दोघी आपसांत कधी तमिळ बोललो नव्हतो — पण मराठीत ते माझ्या तोंडून निघेना. मिठाच्या पाण्यानं चुळा भर, म्हणाले. दंतमंजनाचा डबा दिला.

"शिकलीस हो बाई! आता मला घोर नाही," ती म्हणाली. मी तिला मागच्याच दारानं वाटेला लावलं. डॉक्टरांनी विचारलं, कोण होतं? म्हटलं, कोणी म्हातारी, पत्ता विचारत होती.

का? डॉक्टरांनी तंबाखूचं विचारलं असतं, आणि तिनं त्या भरल्या बाकासमोर हो म्हटलं असतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं. एवढंच. त्या एका नजरेपायी.

पुढं गाल सुजला. शेजारणी म्हणायच्या, कोणाला तरी दाखवा. ती म्हणायची, "आमची पोर तेच शिकते. तिनं बघितलंय." मद्रासला नेलं तेव्हा उशीर झाला होता. त्या सकाळी डॉक्टरांनी पाहिलं असतं तर वाचली असती का? मला माहीत नाही. कळायची वेळच मी येऊ दिली नाही.

पुढंही मी वर्षानुवर्षं खेड्यांत जात राहिले. तोच जबडा, तोच कापूस, तेच सांगणं. मराठी घरांचं ते एक वाक्य तेवढं गळलं.

शेवटी शेवटी आत्याला बोलता येत नव्हतं. वडिलांनाही ती तोंडाला हात लावू देत नसे. मी कापूस घेऊन जवळ बसले, की न सांगता तोंड उघडायची.