आठ दिवस न तपासलेले मेल

रबाळ्याच्या आमच्या कारखान्यात एक अलिखित नियम आहे. बाहेर जाणारा कुठलाही इंग्रजी मेल आधी माझ्याकडे येतो. मी डिस्पॅचमधली साधी क्लार्क. आठ वर्षांपूर्वी साहेबांचा मेल वाचताना बोलून गेले, सर, गुड्सला इज नाही लागत, आर लागतं. तेव्हा तोंड आवरलं असतं तर आज सुखात असते.

चुका त्याच त्या. मराठीत माल एकवचनी, म्हणून गुड्सही सगळ्यांना एकवचनीच वाटतं. बोथ मशीन इज रेडी. वन ऑफ द बॉक्स आर डॅमेज. साहेब रजेवर 'आहेत', म्हणून स्टोअरचे काका सर आर ऑन लीव्ह लिहितात. मी तिथे इज केलं की ते नाराज होतात. साहेबांना अरेतुरे केल्यासारखं वाटतं त्यांना, आणि खरं सांगायचं तर मलाही ते खोडायला जिवावर येतं.

यंदा तळोज्याच्या युनिटमध्ये जागा निघाली. मी नावड्याला राहते, तिथून रिक्षाने दहा मिनिटं. बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून दुपारी शेजारच्या काकू त्यांना भरवतात. त्यांच्या हातून खायला बाबा लाजतात, अर्धवट जेवतात. तळोज्याला गेले तर दुपारी मीच घरी जाऊ शकले असते. अर्ज केला. साहेबांनी वाचला, एक चूक नाही म्हणून कौतुक केलं आणि ड्रॉवरमध्ये टाकला. तू गेल्यावर आमचे मेल कोण बघणार, म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. ठरवलं, आता तपासायचंच नाही. आठ दिवस प्रत्येक मेल न वाचता ओके लिहून परत केला. इज, आर, हॅज, हॅव, जसं असेल तसं गेलं. तुर्भ्याच्या गिऱ्हाइकाचं उत्तर आलं, गुड्स इज रिसीव्ह्ड, थँक्यू. कुणाचं काही अडलं नाही. एवढ्यासाठी आठ वर्षं डोळे फोडून घेतले, याचं हसू आलं आणि रडूही.

नवव्या दिवशी केबिनमध्ये जाऊन सरळ सांगितलं, माझ्यावाचून काही अडत नाही, मला सोडा. साहेब हसले. खरंच मायेने हसले.

"अगं, महिन्याभरात एक तक्रार नाय आली. का? तू बघतेस म्हणून. तुला कशी सोडू?"

मी बघितलंच नाही, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण ते कबूल केलं असतं तर बदली राहिली बाजूला, नोकरीच गेली असती, आणि बाबांची औषधं याच पगारातून येतात. मी हो सर म्हटलं. जागेवर येईपर्यंत त्यांचा नवा मेल येऊन पडला होता. मी तो पहिल्या ओळीपासून तपासायला घेतला.