पगारे मॅडमचं मशीन

हे सांगायचं मी आठ वर्षं टाळलं. महिन्यापूर्वी पगारे मॅडम गेल्याचा त्यांच्या मुलीचा फोन आला, तेव्हाही ‘फार कामसू बाई’ एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला. तेव्हापासून स्वस्थता नाही. सकाळी चालायला निघतो आणि कोपऱ्यावरूनच परत फिरतो. चार ओळी लिहितो, खोडतो... आज खोडणार नाही.

नाशिकच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो आणि मंदा पगारे माझ्या सहायक. पंधरा वर्षं एका काउंटरवर काढली. संशोधनाची नियतकालिकं ऑनलाइन यायला लागली तेव्हा मी धास्तावलो, त्या खुलल्या. ती नियतकालिकं फक्त कॉलेजच्या संगणकांवर उघडायची. पण कळवण-सुरगाण्याकडची पोरं सुट्टीत गावी गेली की त्यांचे फोन यायचे. ‘मॅडम, गाइड लय मागं लागलेत, तेवढा लेख मिळंल का?’ ‘पाठवते रे, पण गाइडला सांग, लेख झाडाला लागत नाहीत!’ असं म्हणत त्या शोधून एकेक मेल करायच्या. नियमात तेवढं बसत होतं. मला मात्र पडद्यावरचं काही आपलं वाटलंच नाही. ‘सर, कपाटाला कुलूप घातल्याशिवाय पुस्तक आलंय यावर तुमचा विश्वासच बसत नाही,’ त्या म्हणायच्या. खरं होतं ते.

त्या वर्षी मार्चमध्ये वर्गणीचं नूतनीकरण अडकलं. महिना संपला की सगळं बंद होणार होतं, मागचे अंकसुद्धा. छापील अंक घेणं आम्ही केव्हाच थांबवलं होतं. मला राहवेना. कॉलेजला मूल्यांकन समिती भेट देणार होती, ते निमित्त करून मी मॅडमना वरच्या मजल्यावरचे जुने प्रबंध तपासायला पाठवलं. माझा संगणक बिघडलेला, म्हणून काउंटरवर त्यांच्या मशीनवर बसलो आणि एका नियतकालिकाचे पहिल्या वर्षापासूनचे अंक पेनड्राइव्हवर उतरवायला लागलो. एक वर्ष झालं की कागदावर खूण, की पुढचं... बाइंडरकडून आलेले खंड ताब्यात घ्यावेत तसं. असं घाऊक उतरवू नये ही सूचना मीच भिंतीवर लावली होती. तरी हात थांबला नाही. तीनच्या सुमाराला पडदा अडला. प्रकाशकाच्या यंत्रणेनं चोरी धरली आणि अख्ख्या कॉलेजला दार बंद केलं. एम.एस्सी.च्या पोरांचे प्रकल्प ऐन भरात होते.

दोन दिवसांनी प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. प्रकाशकाच्या पत्रात मशीनचा क्रमांक होता.

‘काय हो पगारे मॅडम, गावोगावी लेख वाटता म्हणे. आता दुकानच उघडलंत की काय?’

‘सर, मी एकेक पाठवते, तेही नोंद करून. आणि त्या दुपारी मी वर प्रबंध तपासत होते. सरांनीच पाठवलं होतं. विचारा ना त्यांना.’

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. मी म्हणालो, ‘ते मशीन मॅडमच्याच ताब्यात असतं.’

यातला एक शब्दही खोटा नव्हता. या आधारावर मी बरीच वर्षं निभावून नेलं... मॅडमनी कुठे तक्रार केली नाही. आठवड्याभरात त्यांची बदली परीक्षा विभागात झाली आणि निवृत्त होईपर्यंत त्या तिथेच गठ्ठे बांधत राहिल्या. ऑनलाइन अंक दीड महिन्यानं सुरू झाले. गावाकडून फोन आले की मी सांगायचो, कॉलेजात येऊन वाच. हळूहळू फोन यायचे थांबले. माझ्या निरोप समारंभात माझ्या शिस्तीचं कौतुक झालं. मॅडम शेवटच्या रांगेत होत्या. टाळ्या त्यांनीही वाजवल्या.

गेल्या दिवाळीनंतर त्या आजारी असल्याचं कळलं. सिडकोतल्या घरी भेटायला गेलो. खूप वाळल्या होत्या. ‘सरांना बिनसाखरेचा टाक गं,’ त्यांनी मुलीला सांगितलं. मुलगी आत गेल्यावर हळूच विचारलं, ‘सर, तेव्हा कोणत्या वर्षापर्यंत उतरलं होतं हो?’

वर पाठवणारा मी, खाली उरलेलाही मीच. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

‘निम्मंच,’ मी म्हणालो.

‘आणि वाचलंत त्यातलं काही?’

मी नकारार्थी मान हलवली. त्या हसल्या, हसता हसता खोकल्या. ‘मग पोरांना तरी द्यायचं होतं!’

तेवढ्यात चहा आला. मी तो प्यायलो, ‘काळजी घ्या’ म्हणालो आणि उठलो. जाताना रिक्षात जे घोळवत गेलो होतो, ते तसंच घेऊन परत आलो. एवढंच होतं ते... मॅडम, त्या दुपारी तुमच्या खुर्चीवर मी बसलो होतो. प्राचार्यांनी विचारलं तेव्हा मला सांगता आलं असतं, मी सांगितलं नाही. मला माफ करा.