येईल, होईल, टिकेल

तेरच्या कापड दुकानात गिऱ्हाइकासमोर बोललेलं माझं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे. "हा लुगडं कालच आली, लई चांगला आहे."

लुगडं घ्यायला आलेल्या म्हातारीनं आधी लुगड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. शेजारी आमच्याच दुकानातला थोरला गुमास्ता बसला होता. तो तिथं दहा वर्षं कापड विकत होता आणि त्याची जीभ कात्रीपेक्षा धारदार होती. तो मोठ्यांदा म्हणाला, "काय ओ कानडीआप्पा, हा कोण आली? सासरा आली का सून आला?"

सगळं दुकान हसलं. मीही हसलो. माझे कान मात्र तापले होते.

माझं गाव सास्तूरच्याही पलीकडं, जिथून कानडी मुलूख सुरू होतो त्या कडेला. घरात कानडी बोलायचे. निजामाचं राज्य, त्यामुळं शाळा उर्दूतून झाली. मराठी मी बाजारात ऐकून ऐकून शिकलेली. आता कानडीत माणसं सोडली तर बाकी साऱ्या वस्तू एकाच पंगतीला बसतात. उर्दूत त्यांच्या दोन पंगती होतात. मराठीत तीन. आणि कापडाच्या दुकानासारखं वाईट ठिकाण नाही, कारण तिथं पटका तो, चोळी ती आणि लुगडं ते. का, ते कुणालाच सांगता येत नाही. जन्मापासून बोलणाऱ्याला ते विचारावं लागत नाही, आणि माझ्यासारख्याला विचारायची लाज वाटते.

दुकानाच्या मालकांना सगळे आप्पा म्हणत. त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, "दसऱ्यापर्यंत बघू. गिऱ्हाइकासमोर बसता आलं तर राहा. न्हाय तर मागं गाठोडी बांधायला माणूस लागतोच." मी बावीस वर्षांचा होतो, लग्न झालेला, उर्दू सहावी पास. गाठोडी बांधायला मी गाव सोडून आलो नव्हतो.

चार-पाच दिवस मी जवळजवळ मुकाट्यानं बसलो आणि लोक कसं बोलतात ते ऐकत राहिलो. मग एक गोष्ट ध्यानात आली. घडून गेलेलं सांगायचं असेल तर मराठी विचारते, आला, आली का आलं? पुढं घडणार असेल तर काहीच विचारत नाही. पटका येईल, चोळी येईल, लुगडंही येईल. 'आहे' आणि 'नाही' यांनाही काही फरक पडत नाही. काळा, हिरवा, पिवळा हे शब्द दगा देतात, पण 'हिरव्या रंगात' म्हटलं की सुटका. लाल, जाड, मऊ, टिकाऊ ही तर सोन्यासारखी माणसं, कुणाबरोबरही बसतात. 'हा, ही, हे' म्हणण्याऐवजी बोटानं दाखवून "बघा" म्हणायचं.

मी तसं बोलू लागलो. "बघा, मऊ आहे. दोन वर्षं टिकेल. रंग जाणार नाही. तुम्हाला शोभेल." गिऱ्हाईक खूश व्हायचं. टिकेल, शोभेल, पुरेल, कापड विकायला याहून चांगले शब्द नाहीतच. थोरला गुमास्ता माझ्या तोंडाकडं टक लावून बसायचा, कधी घसरतोय म्हणून. मी घसरलो नाही. दसऱ्याला आप्पा म्हणाले, "ह्याच्या बोलण्यात नेहमी पुढचंच असतं. माणूस भरवशाचा दिसतोय. राहू द्या समोर."

ती युक्ती मी स्वतः शोधली होती, कुणी शिकवली नव्हती. तिचा अभिमान मला आजही वाटतो. पुढं जे लिहितोय त्यामुळं तो अभिमान खोटा ठरत नाही. पण ते लिहिलं नाही तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही.

दसऱ्यानंतर मी नदीकडच्या आळीत एक खोली घेतली आणि बायकोला आणलं. तिचं माहेर आळंदकडचं, तिची मराठी माझ्यापेक्षाही कच्ची. पहिल्याच संध्याकाळी ती शेजारणीला म्हणाली, "आमचा घागर फुटला." शेजारीण हसली, आणि मला त्या हसण्यात गुमास्त्याचं हसणं ऐकू आलं. दार लावून मी तिला कानडीत म्हणालो, "सुम्मनिरु." गप्प राहा. बाहेर तोंड उघडू नकोस, लोक तुला हसतील.

लोक मला हसतील, असं मी म्हणालो नाही.

तिनं ऐकलं. एकोणीस वर्षांची ती, माहेरी रानात काम करताना मोठ्यानं गाणारी पोरगी, चार महिने तेरणा नदीवर धुणं धुवायला जायची आणि मान हलवून परत यायची. बायकांनी तिला मुकी ठरवलं. कुणी दयेनं धुण्याचा चांगला दगड तिला सोडायची, कुणी तिच्यासमोरच म्हणायची, "किती गोड पोर हाय, आन देवानं जीभ दिली न्हाय." एकदा गुमास्ता दुकानात म्हणाला, "कानडीआप्पा, तुमच्या घरात लई शांतता असल. आमच्याकडं पाठवा तेवढी बायको आठ दिवस, आमच्या हिला शिकवायला." दोघं-तिघं हसले. त्यातल्या एकानं मात्र खरंच काळजीनं विचारलं, "औषधपाणी केलं का?"

मी म्हणालो, "होईल बरी."

हे वाक्य मी बोललो. माझ्याच युक्तीतलं वाक्य.

तो लढाईचा काळ होता. कापडावर कंट्रोल आलं होतं. बार्शीकडून येणारी गाठोडी करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर अडकायची. कधी येतील सांगता यायचं नाही, आली की दोन दिवसांत संपायची. अशात ढोकीकडच्या वाडीतून एक बाई बाजारच्या दिवशी चालत आली. पन्नाशीची, उन्हानं रापलेली. लेक पहिल्यांदा नांदायला जाणार होती, तिला हिरवं लुगडं पाहिजे होतं.

"हिरवं लुगडं आलं का ओ?"

"येईल," मी म्हणालो.

पुढच्या बाजारी ती पुन्हा आली. मी पुन्हा म्हणालो, "येईल." ते खरंही होतं. त्यानंतरच्या मंगळवारी दोन हिरवी लुगडी आली आणि समोर आलेल्या पहिल्या दोन गिऱ्हाइकांना मी ती देऊन टाकली. तिची आठवण झाली नाही असं नाही. झाली, आणि मी देऊन टाकली.

तिसऱ्या बाजारी ती घामानं निथळत आली. तिला सांगायचं होतं ते इतकंच, लुगडं आलं होतं, विकलं गेलं. पाच शब्द. पण ते घडून गेलेलं होतं, आणि गुमास्ता बाजूला पान लावत बसला होता. मी आतल्या आत ते शब्द जुळवत होतो. आला होतं, आली होता. तोंडातून आलं, "येईल."

"तुमच्या तोंडात साखर पडो," ती म्हणाली. "सोमवारी पाठवणी हाय, तवर येऊ द्या म्हंजी झालं." आणि समाधानानं उठून गेली. तिचं ते समाधान बघून मला माझीच किळस आली.

दुपारी जेवायला घरी निघालो. आळीत वळलो तर माझ्या घरातून बोलण्याचा आवाज आला. एक आवाज त्या बाईचा होता. परतीच्या वाटेवर पाणी मागायला ती आमच्या उंबऱ्यावर टेकली असणार. दुसरा आवाज माझ्या बायकोचा होता. चार महिन्यांनी मी तिची मराठी ऐकत होतो. मी दाराच्या अलीकडंच थांबलो.

"हा लुगडं घे, मावशी. हिरवा आहे. मी एकदा पण नेसला न्हाय."

तिच्या माहेरचं इरकल लुगडं होतं ते. ट्रंकेत तळाशी घडी घालून ठेवलेलं.

बाई हसली. पोटभर हसली. "अगं बया, हा न्हाय, हे. हे लुगडं, हिरवं हाय. आन नेसला बाप्या व्हय? तू नेसली न्हाईस."

आणि माझी बायकोही हसली. तोंड न झाकता. "हे लुगडं. हिरवं. मी नेसली न्हाय. मावशी, आन घागर?"

"घागर ती."

"का?"

"आता का ते म्या काय सांगू! माझ्या आईनं सांगितलं न्हाय." दोघी पुन्हा हसल्या. मग बाई गंभीर झाली. "पर फुकट न्हाय घ्यायची म्या. मला काय भीक न्हाय लागली. दर बाजारी इथं टेकत जाईन आन तुला तो-ती-ते शिकवीन. लेकीनं नेसून घडी मोडली तर मोडली, तुझ्याकडं बोली ऱ्हाईल. चालंल?"

"चालंल."

"तुझा मालक काय म्हणंल?"

"दुकानात हाय. कापडाच्या."

"त्या दुकानात? मग त्या पोराला वळखत असल. लई गोड बोलतंय. येईल, येईल म्हणतंय."

परत फिरायला वाट होती. आळीत कुणीही नव्हतं. मी आत गेलो.

"मावशी," मी म्हणालो, "लुगडं आला होता. दोन. मंगळवारी. मी विकली. आज तुम्हाला येईल म्हणालो, ते खोटा होतं."

या वेळी ती हसली नाही. "मग तसं सांगायचं की बाबा. तीन बाजार पाय तोडीत आले म्या. दुसरीकडं बघितलं असतं."

"मला बोलता येत नव्हतं."

"आत्ता बोललास की."

बायकोनं लुगडं फडक्यात बांधून तिच्या हातात दिलं. आपल्याला एवढे दिवस मी गप्प का बसवलं, ते तिला त्या क्षणी कळलं. ती वळली आणि ट्रंकेचं झाकण लावू लागली. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर तिनं एका बाईला विचारलं, "तुमचा धुणं झाली का?" बाईच्या हातातलं धोपटणं खाली पडलं. "अगं बया! मुकी बोलली!" तेव्हा माझी बायको म्हणाली, "मी मुकी न्हाय, मुका न्हाय, मुकं बी न्हाय. ह्यातलं बरोबर असल ते घ्या." मुका म्हटल्यावर बायकांनी काय काय चेष्टा केली असेल ती मी इथं लिहीत नाही. दुपारपर्यंत ही गोष्ट दुकानात पोचली.

"कानडीआप्पा," गुमास्ता म्हणाला, "तुमची मुकी बोलली म्हणं. तुम्ही कधी बोलणार?"

दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. मी म्हणालो, "आजपासून. ती मुकी कधीच नव्हती. मीच तिला गप्प बसवलं, माझी मराठी उघडी पडेल म्हणून. आमच्या घरात कानडी आहे. चुकलं तर सांगा, आणि हसायचं तर हसा."

कुणी फारसं हसलं नाही. असं सांगितल्यावर हसण्यात मजा राहत नसावी.

त्याच संध्याकाळी मी मालकांना विचारून फळ्या नव्यानं लावल्या. उजव्या फळीवर सगळे 'तो': पटके, पंचे, रुमाल, खण. मधल्या फळीवर 'ती': चोळी, टोपी, चादर, पासोडी. डावीकडं 'ते': लुगडं, धोतर, उपरणं. हात जिकडं जाईल तिकडची भाषा जिभेवर यावी म्हणून. आप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या. "गिऱ्हाइकाला सापडलं म्हणजे झालं," एवढंच म्हणाले.

गुमास्ता म्हणाला, "धोतर आन लुगडं एका फळीवर? लगीन लावलं का काय त्यांचं?"

"दोन्ही 'ते' आहेत," मी म्हणालो. "लग्न कसं लागणार?"

त्या दिवशी दुकान हसलं ते माझ्या बाजूनं हसलं. गुमास्ताही हसला, आणि चुकीच्या फळीवर राहिलेली एक पासोडी उचलून योग्य फळीवर ठेवली. दोन महिन्यांत फळीकडं पाहावंही लागेना. नवा माल आला की मी म्हाताऱ्यांनाच विचारायचो, हा का ही? त्यांना शिकवायला फार आवडायचं. शिकवता शिकवता त्या बसायच्या आणि काहीतरी घेऊनच उठायच्या. आधी मी भाषेला चुकवून पुढं गेलो होतो. आता तिच्यातूनच गेलो, आणि हा रस्ता जवळचा निघाला.

एकदा जेवताना मी बायकोला विचारलं, त्या चार महिन्यांत तुला बाहेर काय बोलायचं होतं? भाकरी थापत ती म्हणाली, एक म्हातारी रोज विचारायची, पोरी, तुझं माहेर कुठलं? तेवढं सांगायचं होतं. ती म्हातारी मधेच वारली.

मी मराठीतच म्हणालो, "माझा चूक झाला."

"चूक ती," बायको म्हणाली. "नीट म्हणा."

"माझी चूक झाली."

"आता बरोबर," ती म्हणाली आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली. ते 'बरोबर' नुसत्या व्याकरणापुरतं होतं की सगळ्याच चुकीसाठी, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही.