आडव्या ग्रहाचा नवस

माझी वहिनी सुलोचनाबाई हिनं आयुष्यात कुठलीही गोष्ट आधी विचारून केलेली नाही. लग्न होऊन आमच्या घरात आली त्याच वर्षी तिनं माझी नवी सायकल न विचारता मोहाडीच्या बाजारात नेली. चालवता येत नव्हती. ढकलत नेली, आणि येताना तिच्यावर दोन कोंबड्या, एक पाटा आणि गुळाची भेली लादून ढकलतच आणली. मी चिडलो तर म्हणाली, "भाऊजी, सायकल का निस्ती बसाले घेतली का? सामान आनाले घेतली." त्या दिवसापासून मी तिच्याशी भांडतो आहे आणि एकदाही जिंकलेलो नाही.

माझा मोठा भाऊ श्यामराव गेल्यापासून वहिनी एकटी राहते. एकटी म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून. शेतंही तशीच, तलावाखाली तिची बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, वर आणि माझी तिच्या खाली. एकुलती एक मुलगी दामिनी बंगळुरूला शास्त्रज्ञ आहे. वहिनीचं वय आता अडुसष्ट, पण आवाज अजून तलावाच्या पाळीवरून अख्ख्या गावाला ऐकू जातो. आमच्या बायकोला तर तिचा फोनवरचा दोन्ही बाजूंचा संवाद इकडे बसून कळतो.

दोन वर्षांपूर्वी दामिनीनं फोनवर सांगितलं, की ती एका मोठ्या कामाच्या गटात आहे. युरेनस नावाच्या ग्रहावर यान पाठवायचा आराखडा करायचा. आपल्याकडे कुंडलीत ज्याला हर्षल म्हणतात, तोच हा. सूर्यापासून इतका लांब की तिथं नुसती थंडीच थंडी, आणि पोटात बहुतेक पाणी, अमोनिया असलं बर्फाचं सामान, म्हणून त्याला बर्फाचा महाग्रह म्हणतात. एकापुढे एक चार पृथ्व्या ठेवाव्यात इतका रुंद. फार वर्षांपूर्वी एकच यान त्याच्या शेजारून निघून गेलं, त्यानंतर तिकडे कुणी फिरकलं नाही. आणि गंमत म्हणजे बाकीचे ग्रह उभ्यानं गिरक्या घेतात, हा कुशीवर आडवा पडून फिरतो.

"आडवा पडून?" वहिनी म्हणाली. "म्हंजे आपला हल्या कसा तलावात लोयते, तसा?"

"तसाच," दामिनी हसत म्हणाली. "आई, आमचं यान तिथं पोचावं म्हणून देवीले सांगजो."

एवढं ती सहज बोलली. वहिनीनं त्याच आठवड्यात मोहाडी गाठली, चौंडेश्वरीपुढे नारळ फोडला आणि नवस बोलून आली. यान पोचलं की स्वतःच्या बांधीतल्या चिन्नोर तांदळाचा भात अख्ख्या गावाला जेवू घालीन. उचलली जीभ लावली टाळ्याला. यान पोचायला किती वेळ लागतो, हे विचारायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. तिच्या हिशेबात लांब म्हणजे बंगळुरू, आणि तिथंही गाडी दुसऱ्या दिवशी पोचते.

मी मुद्दाम विचारलं, तेव्हा तिनं फोन लावला.

"कावो बाई, किती दिस लागते तुया यानाले? दिवाळीवरी पोचन का?"

"दिवाळी?" तिकडून दामिनी म्हणाली. "आई, आता तं निस्ता आराखडा बनून राहिला. मंजुरी भेटली तं यान बनवाले आठ-नऊ वर्षं. मंग निघंन. मंग रस्त्यात बारा-तेरा वर्षं."

वहिनीनं बोटांवर वर्षं मोजली. मग हळूच म्हणाली, "म्हंजे मी सत्त्याऐंशीची होईन. आन तू?"

"एकसष्टची. मी बी रिटायर झाली राहीन." दामिनी हे हसून बोलली, पण ते हसू काही खरं नव्हतं.

आता आली पंचाईत. वहिनी देवाधर्माच्या बाबतीत फार काटेकोर. नवस फिटला नाही तर त्याचं पाप लेकीच्या यानाला लागेल, अशी तिची खात्री. तिनं आधी शेजारच्या केशरबाईंना विचारलं. गावातल्या नवसांचं सगळं त्यांना ठाऊक. वहिनीचं म्हणणं होतं, की जेवण आत्ताच घालून मोकळं व्हावं. केशरबाई म्हणाल्या, "नवस आगाऊ फेडत नाई बाई. काम व्हाच्या आंदी दिलं का ते नवस नाई, लाच होते."

मग तांदूळ साठवून ठेवावा म्हटलं, तर वीस वर्षांत सोंडे-किडेच जेवतील. बी साठवावं, तर चिन्नोरचं बी एक-दोन वर्षांपलीकडे उगवत नाही. म्हणजे उपाय एकच. यान पोचेपर्यंत दर वर्षी चिन्नोर पेरायचा, रोवायचा, कापायचा, त्यातलं बी राखायचं आणि पुन्हा पेरायचा.

हे ऐकून मी कपाळावर हात मारला. त्याचं कारण सांगतो. चिन्नोर हा आमच्याकडचा जुना वासाचा धान. एका घरी शिजला की शेजारच्याला भूक लागते. पण तो उंच वाढतो, वाऱ्यानं लोळतो, पिकतो कमी आणि उशिरा. गावात बहुतेकांनी तो सोडला आणि लवकरचे वाण धरले, मीही धरले. कार्तिकात माझा धान कापणीला येतो, तेव्हा वरच्या बांधीत वहिनीच्या चिन्नोरला अजून पाणी लागतं. ते पाणी मधल्या धुऱ्याखालून, म्हणजे बांधाखालून, पाझरतं आणि माझ्या बांधीत येतं. माझी कापणीची मशीन चिखलात रुतते, ड्रायव्हर मला शिव्या देतो आणि मी वहिनीला ओरडतो. वहिनी धुऱ्यावर उभी राहून सांगते, "भाऊजी, जरा दम धरा. धान आहे, पयून नाई जात." श्यामरावदादा असताना एक-दोन वर्षांत ती चिन्नोर सोडेल अशी मला आशा होती. आता हर्षल मध्ये आला. आमच्या कुळात कुणाची साडेसाती वीस वर्षं चालली नसेल.

वर्षभर दामिनीचे फोन येत राहिले, आणि वहिनीमुळे ते मलाही ऐकावे लागले. यानाचा आराखडा म्हणजे काय, हे मला त्यातूनच कळलं. प्रत्येक शास्त्रज्ञाला आपलं यंत्र यानावर चढवायचं असतं आणि वजन तर वाढवता येत नाही, म्हणून भांडणं. थेट तिकडे जायला इंधन पुरत नाही, म्हणून वाटेत गुरूजवळून जाऊन त्याच्या ओढीचा धक्का घ्यायचा. आणि गुरू त्या जागी असेल तेव्हाच निघायचं. मुहूर्त चुकला की बसा पुढची कितीतरी वर्षं वाट पाहत. वहिनीला हे सगळं समजत होतं. तिनं दोन नणंदांची लग्नं लावली आहेत.

मागच्या वर्षी आखाडात दामिनी अचानक घरी आली. सणवार नाही, सुट्टी नाही. चेहरा उतरलेला. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो तेव्हा ती आईला सांगत होती, की वरच्या समितीनं आराखडा बाजूला ठेवला. आधी जवळची कामं करा म्हणाले. पुढे पुन्हा मांडता येईल, पण कधी, ते माहीत नाही.

"मी हा गट सोडून राहिलो, आई," ती म्हणाली. आमच्या गावच्या बाया मी केलो, मी गेलो असंच बोलतात, आणि घरी आली की तीही तसंच बोलते. "दुसऱ्या विभागात जातो. तिथलं काम दोन वर्षांत उडते, डोळ्यांनं दिसते. जे मी पाहून बी नाई शकत, त्याच्यामागं कायले जनम घालवू? आन तूही सुटली. यानच नाई तं नवस कायचा? चाल माझ्यासंगं बंगळुरूले."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. पोरीचं वाईट वाटत होतंच, पण त्याच वेळी डोळ्यांपुढे माझी कोरडी बांधी आणि तिच्यात सरळ धावणारी मशीन दिसत होती. माणसाचं मन असंच असतं.

वहिनी तांदळातले खडे वेचत राहिली. शेवटी म्हणाली, "चिन्नोरचे पऱ्हे तयार आहेत. उद्या रोवना आहे. बाया भेटल्या नाई. तू येजो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या धुऱ्यावर होतो. वरच्या बांधीत मायलेकी गुडघाभर चिखलात, हातात रोपांच्या जुड्या. दामिनी वीस वर्षांनी चिखलात उतरली होती. तिची रोपं इकडे झुकलेली, तिकडे झुकलेली.

"सरळ लाव वो," वहिनी ओरडली. "कुशीवर नको लावू. तो तुया ग्रह नोहे."

दामिनी हसली, पण वाकलेलीच राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "आई, तुले समजते का? ते यान गेलं तरी मी तिथं नसन. तूही नसशीन."

वहिनीनं जुडी सोडली नाही, हात थांबवला नाही. "हे बी मले तुया आजीनं देल्लं. मी नवी नवरी होतो. तिच्या तोंडात तवा एक बी दात नोता. भात चावता येत नोता तिले, पेज पेत होती. तरी दर साली चिन्नोर लावे. तिले का माईत होतं तू होशीन म्हनून? आन भात कोनं खाल्ला? तू खाल्ला. लहानपनी दुसरा भात देल्ला तं ताट लोटून देत होती."

दामिनी उभी राहिली. डोळे पुसायला हात वर केला आणि गालभर चिखल लावून घेतला. वहिनीनं पाहिलं, पण पदर पुढे केला नाही. "पुरी कर तुयी रांग," एवढंच म्हणाली. मला तिथं उभं राहवेना. मी घरी आलो आणि बायकोला चहा कर म्हणून उगाच ओरडलो.

दामिनीनं तो गट सोडला नाही. दिवाळीला फोन आला की आराखडा पुन्हा मांडायचा आहे, आणि या वेळी प्रत्येक कामाला दोन माणसं आहेत, एक जुना आणि एक नवा. तिच्यासोबत पंचवीस वर्षांची एक पोरगी आहे. दामिनी तिला रोज सगळं समजावून सांगते. हे दामिनीला चिखलात सुचलं की तिकडे कुणाच्या तरी डोक्यात आधीपासून होतं, मला माहीत नाही. वहिनी मात्र सगळं श्रेय स्वतःकडे घेते. मंजुरी अजून आलेली नाही.

चिन्नोर मळून झाला, तेव्हा वहिनी एका संध्याकाळी आमच्या ओसरीवर आली. हातात पायलीभर बी, धुतलेल्या पिशवीत.

"भाऊजी, हे तुमाले."

"मले? कायले?"

"एका बांधीतलं कोन्या साली रोगानं गेलं तं? दोन जागी असलं पायजे. आन मी का जनमभर राहीन का?"

"वहिनी, मी तुमच्यापेक्षा तीनच वर्सानं लहान आहो."

"तीन तं तीन," ती म्हणाली. "तेवढे साल तुमी लावा. मंग तुमच्या पोराले, प्रवीणले द्या. पन खालच्या बांधीत लावा, तिथं पानी चांगलं राहते. माया पानी जातेच तिकडं."

पिशवी ओसरीवर ठेवून ती निघून गेली. विचारलं नाही, नेहमीसारखंच. मी त्या पिशवीकडे पाहत बसलो. दादा गेला तेव्हाही ती माझ्यापुढे रडली नव्हती. आज मात्र तिनं तिच्या नसण्याचं काम माझ्यावर सोपवलं होतं, आणि तेही भांडणाच्या सुरात, म्हणजे मला नाही म्हणता येऊ नये.

यंदा माझ्या बांधीत चिन्नोर उभा आहे. छातीला लागतो. सध्या कार्तिक आहे, आणि माझ्या खालच्या बांधीवाला कैलाश रोज सकाळी धुऱ्यावर येतो. त्याचा धान पिकला आहे, मशीन ठरली आहे आणि माझं पाणी पाझरून त्याच्याकडे जातं.

आजही आला होता. म्हणाला, "काका, हे पानी कवा बंद करता? किती साल चालन हे?"

वरच्या बांधीतून वहिनी कान देऊन ऐकत होती, हे मला न बघताही कळलं.

मी म्हणालो, "जरा दम धर रे. यान पोचू दे."