कादंबरीतली वाडी पाहायला आलेले वाचक

मंडळी, आज सकाळी माझ्या कादंबरीचे काही वाचक सिद्धगडाच्या कुशीतली वाडी पाहायला माझ्यासोबत डोंगर चढले. तिथे रस्ता अजूनही नाही.

मी मुरबाडला वार्ताहर होते, तेव्हा याच वाडीतल्या जनीमावशीची सून झोळीतून दवाखान्यात नेताना वाटेतच गेली. मी बातमी दिली. कुणी फिरकलं नाही. पुढे नोकरी सोडून तीच गोष्ट कादंबरीत लिहिली, तर आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या.

आज मावशीच्या दारात सेल्फी चालले होते. तिने मला विचारलं, "बाय, ही मानसा कशाला आली गो?"

"तुमच्या सुनेची गोष्ट वाचून."

"पुस्तकात तरी जगली का ती?"

"हो, जगली."

मावशी आत गेली.

खरं सांगा, ती मेल्याची बातमी तुमच्यापैकी कुणी वाचली होती का?